बुलेट हाताने टाइप करू नका: याद्या नीट करायची पद्धत, टप्प्याटप्प्याने

संपादनासाठी फाइल आली की मी आधी मजकूर वाचत नाही. छुप्या खुणा दाखवणारं ¶ हे बटण दाबते आणि याद्यांकडे बघते. बहुतेक वेळा चित्र एकच असतं. एक ठिपका, त्यापुढे स्पेसबारच्या चार-पाच टिचक्या, मग मजकूर. दुसरी ओळ ठिपक्याच्या खाली घसरलेली, आणि ती सावरायला मध्येच एंटर मारून पुन्हा सात-आठ स्पेस. पडद्यावर हे जेमतेम निभावून जातं. फॉन्ट एका पॉइंटने वाढवला की सगळा डोलारा कोसळतो.

लोक बुलेटला अक्षर समजून टाइप करतात, तिथेच गडबड होते. वर्ड असो, गुगल डॉक्स असो की वेबपान, बुलेट हा परिच्छेदाला लावायचा गुण आहे. शब्दाला ठळकपणा लावतो ना, तसा. 'हा परिच्छेद यादीतला' एवढंच आपण सांगायचं. ठिपका काढणं, पुढचं अंतर राखणं, दुसरी ओळ पहिलीच्या मजकुराखाली आणणं हे प्रोग्रामचं काम. दुसरी चूक क्रमाची. ठिपका आधी पडतो आणि त्यापुढे काय लिहायचं याचा विचार नंतर होतो. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. बुलेटचं बटण तिसऱ्या टप्प्याआधी दाबायचं नाही.

## तयारी: हात लावण्याआधी

पहिलं काम, छुप्या खुणा दिसू द्या. वर्डमध्ये कंट्रोल + शिफ्ट + ८, लिबरऑफिसमध्ये कंट्रोल + एफ१०, गुगल डॉक्समध्ये व्ह्यू मेन्यूतलं 'शो नॉन-प्रिंटिंग कॅरेक्टर्स'. गंमत अशी की वर्डमध्ये खुणा दाखवणारं कंट्रोल + शिफ्ट + ८ गुगल डॉक्समध्ये बुलेट लावतं. दोन्हीकडे काम करणाऱ्यांची बोटं इथे हमखास फसतात.

खुणा वाचायला दोन मिनिटं लागतात. ¶ म्हणजे परिच्छेद संपला. वाकडा बाण ↵ म्हणजे ओळ तोडली, पण परिच्छेद तोच. मधले बारीक ठिपके म्हणजे स्पेस, आडवा बाण म्हणजे टॅब. पुढचं सगळं या चार खुणांवर चालतं.

दुसरं, मजकूर शेवटी कुठे जाणार ते विचारून घ्या. छापील पान, वेबपान, ईमेल, व्हॉट्सॲप, स्लाइड. प्रत्येक ठिकाणी यादी वेगळी वागते. वर्डमध्ये देखणी झालेली यादी साध्या ईमेलमध्ये पेस्ट झाल्यावर देखणी राहीलच असं नाही.

तिसरं, फॉन्ट युनिकोड (प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) आहे की जुन्या पद्धतीचा, ते बघा. एक वाक्य निवडा आणि त्याला मंगल किंवा नोटोसारखा युनिकोड फॉन्ट लावा. मराठी मराठीच राहिलं तर ठीक. त्याजागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर मजकूर कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमधला आहे. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात, आणि ठिपक्याची जागाही त्यात जाऊ शकते. (बघून झाल्यावर कंट्रोल + झेड करायला विसरू नका.)

## टप्पा १: यादी हवी आहे का, ते ठरवा

मुद्द्यांचा क्रम मनातल्या मनात उलटा करून बघा. अर्थ तसाच राहिला तर बुलेट. अर्थ बिघडला, म्हणजे आधी हे आणि मग ते असं असेल, तर क्रमांक. आणि मुद्द्यांच्या मध्ये 'म्हणून', 'पण', 'तरीसुद्धा' घातल्याशिवाय गाडी पुढे जात नसेल, तर ती यादीच नव्हे. तो परिच्छेद आहे. त्याचे तुकडे करून ठिपके लावले की कारण आणि परिणाम यांच्यातला सांधा निखळतो आणि वाचणाऱ्याला तो अंदाजाने जोडत बसावं लागतं. अहवालांमध्ये मला ही चूक सगळ्यात जास्त दिसते. स्लाइडवर वर्षानुवर्षं ठिपके मारून सवय अशी लागते की युक्तिवादही ठिपक्यांतच लिहिला जातो.

क्रमांकाची एक वेगळी गरज असते. मुद्द्यांचा क्रम महत्त्वाचा नसला, तरी पुढे चर्चेत कोणी 'चौथ्या मुद्द्याबद्दल बोलू' म्हणणार असेल, तर क्रमांकच द्या. ठिपक्यांना नाव नसतं.

प्रत्येक मुद्द्यात तीच तीन-चार माहिती फिरून येत असेल, समजा नाव, वजन, रंग, तर तक्ता करा. दोन गोष्टींसाठी यादी करू नका, एका गोष्टीसाठी तर नाहीच. आणि यादी आठ-नऊ मुद्द्यांच्या पुढे गेली की दोन गट पाडून प्रत्येकाला छोटं शीर्षक द्या.

## टप्पा २: मजकूर आधी, ठिपके नंतर

या टप्प्यावर प्रत्येक मुद्दा नुसता वेगळ्या ओळीवर लिहा. एंटर मारा, पुढचा लिहा. ठिपका नाही, डॅश नाही, काही नाही. आता तीन गोष्टी जुळवायच्या.

### ओळख-वाक्य

मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि यादी नेमकी तिथे अडखळते. इंग्रजी नमुना समोर ठेवून लिहिलेल्या याद्या अशा दिसतात:

सदस्याने
• ओळखपत्र
• दोन फोटो
• भरलेला अर्ज
सोबत आणावे.

'सदस्याने' वर लटकलंय, 'सोबत आणावे' खाली. मधला ठिपका वाचताना हे सगळं आणायचंय की द्यायचंय, ते कळत नाही. शिवाय 'आणावे' नक्की कशाला जुळवलंय? ओळखपत्राला की अर्जाला? उपाय सोपा आहे, वाक्य यादीच्या आधीच पूर्ण करा: 'सदस्याने येताना या गोष्टी आणाव्यात:'. क्रियापद वर आलं, लिंग-वचन 'गोष्टी'शी जुळलं, आणि खाली नुसती नामं उरली. 'पुढील व्यक्तींना प्रवेश मिळेल:' असं लिहिलं तर खाली 'सदस्य', 'पाहुणे' लिहा. 'सदस्यांना', 'पाहुण्यांना' नको, प्रत्यय वरच्या वाक्यात येऊन गेलाय.

सावधान: ओळख-वाक्याच्या शेवटी अपूर्णविराम हवा, विसर्ग नव्हे. 'आहेत:' आणि 'आहेतः' दिसायला जवळजवळ सारखे, पण विसर्ग अक्षराला चिकटतो, शब्दाचाच भाग होतो आणि मग शोधताना 'आहेत' हा पूर्ण शब्द सापडत नाही. बारकाईने बघा. विसर्गाची टिंबं अक्षराच्या उंचीत बसतात आणि बहुतेक फॉन्टांत जराशी मोठी किंवा पोकळ असतात.

### एकसारखी रचना

लांबच्या प्रवासाआधी सायकल तपासायची एक यादी बघा:

• टायरमधली हवा तपासणे
• ब्रेक नीट लागतात का बघा
• साखळीला तेल घातलेले असावे
• पंप आणि पंक्चरचं सामान
• सीटची उंची, जी बऱ्याचदा चुकीची असते आणि त्यामुळे गुडघे दुखतात

पाच मुद्दे आणि पाच घाट. पहिल्यात काम सांगितलंय, दुसऱ्यात आज्ञा दिलीय, तिसऱ्यात अपेक्षा आहे, चौथ्यात नुसत्या वस्तू, पाचव्यात तक्रार. प्रत्येक ओळीवर वाचणाऱ्याला नव्याने सूर पकडावा लागतो. एकच घाट निवडला की:

• टायरमधली हवा तपासा.
• दोन्ही ब्रेक दाबून बघा.
• साखळीला तेल घाला.
• सीटची उंची आपल्याला जुळवून घ्या.
• पंप आणि पंक्चरचं सामान पिशवीत टाका.

गुडघेदुखीचं काय? ती माहिती कामाची आहे, पण यादीत तिला जागा नाही. यादी संपल्यावर एका वाक्यात लिहा. एखादा मुद्दा बाकीच्यांच्या तिप्पट लांब झाला, तर तो यादीतून बाहेर पडायचा प्रयत्न करतोय असं समजा.

तपासा: प्रत्येक मुद्द्याचा फक्त शेवटचा शब्द वरून खाली वाचत जा. 'तपासा, बघा, घाला, घ्या, टाका' असं आलं तर जमलं. 'तपासणे, बघा, असावे, सामान, दुखतात' आलं तर पुन्हा लिहा. इंग्रजीत ही चाचणी पहिल्या शब्दाची करतात. आपलं क्रियापद मागे बसतं, म्हणून आपली शेवटच्या शब्दाची.

### विरामचिन्हं

पूर्ण वाक्य असेल तर पूर्णविराम. नुसते शब्द असतील तर काही नाही. एका यादीत एकच नियम. प्रत्येक मुद्द्यापुढे अर्धविराम आणि शेवटून दुसऱ्यापुढे 'आणि' ही कायदेशीर मसुद्यांची रीत आहे. ती तिथेच राहू द्या. इंग्रजीत मुद्द्याची सुरुवात मोठ्या अक्षराने करून थोडीफार खूण ठेवता येते. देवनागरीत ती सोय नाही, त्यामुळे मुद्दा कुठे संपला हे पूर्णविरामाला आणि मोकळ्या जागेलाच सांगावं लागतं.

## टप्पा ३: जुनी चिन्हं काढा, मग बुलेट लावा

मजकूर दुसऱ्याकडून आलेला असेल तर हाताने टाकलेले ठिपके, डॅश, तारे आधी काढून टाका. बटण आधी दाबलं तर एका ओळीला दोन-दोन ठिपके दिसण्याची शक्यता असते, आणि घाईत ते नजरेतून सुटतात. शोधा-आणि-बदला वापरा: ठिपका आणि त्यापुढची स्पेस शोधायची, 'बदला'ची चौकट रिकामी ठेवायची. 'सगळे बदला' दाबण्याआधी दोन-तीन ठिकाणं एकेक करून बघा. डॅश मजकुरातही असतोच.

मग ¶ बघा. प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी ¶ हवा. तिथे ↵ असेल, म्हणजे वेबपानावरून किंवा चॅटमधून मजकूर आला असेल, तर प्रोग्रामच्या लेखी पाचही मुद्दे मिळून एकच परिच्छेद आहे, आणि बटण दाबलं की एकच ठिपका उमटेल. मग लोक वैतागून बाकीचे चार हाताने टाइप करतात. तसं करू नका. वर्डच्या शोधा-आणि-बदला चौकटीत 'मोअर', मग 'स्पेशल' दाबा. 'मॅन्युअल लाइन ब्रेक' शोधायला सांगा आणि त्याजागी 'पॅराग्राफ मार्क' द्या. त्याआधी फक्त ती यादी निवडून घ्या, नाहीतर अख्ख्या फाइलमध्ये बदल होईल.

आता सगळे मुद्दे एकदम निवडा आणि बुलेटचं बटण दाबा. वर्डमध्ये कंट्रोल + शिफ्ट + एल हा शॉर्टकट बुलेट-यादीची स्टाइल लावतो. लिबरऑफिसमध्ये शिफ्ट + एफ१२ ने बुलेट येतात, नुसत्या एफ१२ ने क्रमांक. ओळीच्या सुरुवातीला तारा आणि स्पेस टाइप केल्यावर वर्ड आपणहून यादी करतो, तेही चालेल. नको असताना झालं तर लगेच एकदा कंट्रोल + झेड. टाइप केलेलं राहतं, फक्त यादी जाते.

यादीत असताना एवढ्या कळा माहीत हव्यात. एंटरने नवा मुद्दा सुरू होतो. शिफ्ट + एंटरने त्याच मुद्द्यात नवी ओळ मिळते, ठिपक्याशिवाय. रिकाम्या मुद्द्यावर एंटर दाबलं की यादी संपते. टॅबने पातळी खाली जाते, शिफ्ट + टॅबने वर येते. आणि माझी सगळ्यात आवडती: ऑल्ट + शिफ्ट + वरचा किंवा खालचा बाण. वर्ड आणि पॉवरपॉइंटमध्ये याने मुद्दा उचलून वर-खाली नेता येतो, कापा-चिकटवा न करता.

या टप्प्याला मी इतकी का चिकटून असते ते सांगते. एका संस्थेचा साठेक पानांचा अहवाल होता, चार जणांनी लिहिलेला. छपाईच्या आदल्या संध्याकाळी कोणीतरी सगळा मजकूर निवडून फॉन्ट बदलला, आणि तो निघाला जुन्या पद्धतीचा. मूळ फॉन्ट परत लावला, तरी मधल्या धावपळीत काही प्रकरणं तशीच राहून गेली. त्यांत प्रत्येक ठिपक्याच्या जागी कसलंसं अर्धं अक्षर उमटलं होतं, पानोपानी. तिसऱ्या प्रकरणातले ठिपके मात्र शाबूत होते. ते लिहिणाऱ्याने बुलेटचं बटण वापरलं होतं. बटणाने आलेला ठिपका आपला फॉन्ट स्वतःजवळ ठेवतो, टाइप केलेला मजकुराबरोबर वाहून जातो. बाकीचे ठिपके आम्ही रात्री साडेअकरापर्यंत हाताने बदलत होतो.

## टप्पा ४: इंडेंट आणि अंतर

चांगल्या यादीत ठिपका एकटा बाहेर असतो आणि मजकुराच्या सगळ्या ओळी एका सरळ रेषेत आत असतात. याला हँगिंग इंडेंट म्हणतात. वर्डच्या पट्टीवर डावीकडे तीन खुणा दिसतील: वरचा त्रिकोण पहिल्या ओळीचा, म्हणजे ठिपक्याचा, खालचा त्रिकोण बाकीच्या ओळींचा, त्याखालचा चौकोन सगळं एकत्र हलवणारा. वर्डने दिलेली मूळ मापं अशी: ठिपका ०.६३ सेंमीवर, मजकूर १.२७ सेंमीवर.

ही मापं रुंद पानाला ठीक, दोन कॉलमच्या मजकुराला फार जास्त. कॉलम अरुंद असेल तर ठिपका थेट शून्यावर आणा आणि मजकूर अर्ध्या सेंमीच्या आसपास ठेवा. बदल पट्टी ओढून करू नका, कारण त्याने निवडलेलेच परिच्छेद हलतात. ठिपक्यावर राइट क्लिक करून 'ॲडजस्ट लिस्ट इंडेंट्स' उघडा आणि आकडे भरा. म्हणजे त्या यादीतली ती अख्खी पातळी एकसारखी होते.

सावधान: यादीला दोन्ही बाजूंनी समास जुळवू नका. हाताने स्पेस टाकलेली असेल तर जुळवणीत ती ताणली जाते आणि प्रत्येक ठिपक्यापुढचं अंतर वेगळं दिसतं. स्पेस नसल्या तरी मराठी शब्द लांब असतात, ओळी आखूड, त्यामुळे शब्दांमध्ये भोकं पडतात. याद्या डावीकडून सरळ, उजवीकडे मोकळ्या ठेवा.

उभ्या अंतराकडे कोणी बघत नाही. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय असतात. ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. ओळींमधलं अंतर थोडं सैल ठेवा, आणि दोन मुद्द्यांमधलं अंतर त्याहून जास्त, तरच एका मुद्द्याच्या ओळी एकत्र आहेत हे डोळ्याला कळतं. वर्डमध्ये परिच्छेदानंतरची जागा वाढवूनही काही फरक पडत नसेल, तर पॅराग्राफच्या चौकटीत 'डोन्ट ॲड स्पेस बिटवीन पॅराग्राफ्स ऑफ द सेम स्टाइल' या ओळीपुढची खूण काढा. ती याद्यांच्या स्टाइलला आधीच लावलेली असते, आणि लोक अर्धा तास दुसरीकडे शोधत बसतात. रिकामा एंटर मारून अंतर वाढवणं मात्र नको.

पातळ्या दोनच. तिसरी लागली की त्या भागाला शीर्षक हवंय. आणि पोटमुद्दा एकटा असू नये. एकच असेल तर तो वरच्या मुद्द्यातच मिसळा.

## टप्पा ५: ठिपक्याचं रूप

बहुतेकांनी इथे काहीच करू नये. गोल, भरीव, मजकुराच्या रंगाचा ठिपका कुठेही चालतो. तरी काही अडचणी वारंवार येतात.

एकच ठिपका ठळक किंवा मोठा दिसतोय. वर्डमध्ये ठिपका फॉन्ट सोडून बाकीचं रूप, म्हणजे ठळकपणा आणि आकार, त्या परिच्छेदाच्या ¶ या खुणेकडून घेतो. शेवटचा शब्द ठळक करताना निवड ¶ पर्यंत गेली की ठिपकाही ठळक झाला. फक्त ती ¶ खूण निवडा आणि ठळकपणा काढा. हे माहीत नसल्याने अख्खी यादी पुसून पुन्हा टाइप करणारी माणसं मी पाहिली आहेत.

ठिपक्याच्या जागी चौकोन आलाय. वर्डचा नेहमीचा ठिपका 'सिम्बॉल' नावाच्या फॉन्टमधून येतो आणि युनिकोडच्या खासगी वापराच्या भागातला, म्हणजे ठरलेलं अक्षर नसलेल्या क्रमांकांतला, असतो. दुसऱ्या पातळीचा पोकळ गोल तर चक्क इंग्रजी 'ओ' हे छोटं अक्षर असतं, कुरिअर न्यू फॉन्टमधलं. फाइल जिथे जाईल तिथे तो फॉन्ट नसला, किंवा पीडीएफमधून मजकूर कॉपी केला, की चौकोन किंवा 'ओ' उघडा पडतो. फाइल बरीच फिरणार असेल तर बुलेटच्या बटणाशेजारचा बाण दाबा, 'डिफाइन न्यू बुलेट', मग 'सिम्बॉल'. फॉन्ट मजकुराचाच निवडा, आणि खालच्या यादीत युनिकोड निवडून कॅरेक्टर कोडमध्ये २०२२ भरा, इंग्रजी अंकांत. २०२२ हा खऱ्या बुलेटचा युनिकोड क्रमांक आहे. त्या फॉन्टमध्ये बुलेट नसेल तर एखादा सर्वत्र मिळणारा इंग्रजी फॉन्ट निवडा.

ठिपका वर किंवा खाली गेलाय. इंग्रजी अक्षरं तळरेषेवर बसतात, आपली शिरोरेषेला लोंबतात. इंग्रजी फॉन्टमधला ठिपका मराठी ओळीपुढे थोडा चुकीच्या उंचीवर वाटू शकतो. 'क' शेजारी ठेवून बघा, ठिपका त्याच्या पोटाच्या मध्यावर यायला हवा. फार फरक असेल तर बुलेटचा फॉन्ट बदला. आकार वाढवून उंची सुधारायला गेलात तर ठिपकाच मजकुरावर दादागिरी करतो.

जुळी भावंडं ओळखायला शिका. • हा बुलेट. · हा मधला ठिपका, बारीक. ● हे काळं वर्तुळ, यादीसाठी बोजड. ◦ हा पोकळ बुलेट. पोकळ बुलेट सापडला नाही म्हणून मराठी शून्य किंवा लाघवचिन्ह (॰) ठोकून देणारे आहेत. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्या माणसाला मग प्रत्येक मुद्द्याआधी 'शून्य' ऐकू येऊ शकतं. बरोबरची खूण ✓ बुलेट म्हणून वापरताना एकदा थांबा. वाचणाऱ्याला ते काम झालंय असं वाटतं.

## टप्पा ६: मजकूर जिथे जाणार, तिथली रीत

### वेबपान

वेबपानाच्या कोडमधल्या खुणांना टॅग म्हणतात. यादी 'यूएल' (ul) टॅगमध्ये, प्रत्येक मुद्दा 'एलआय' (li) मध्ये. क्रमांकांसाठी 'ओएल' (ol). परिच्छेदात ठिपका टाइप करून ओळ तोडली तर दिसायला यादी, पण ब्राउझरच्या लेखी नाही. खरी यादी असली की स्क्रीन रीडर आधी 'यादी, पाच मुद्दे' असं सांगतो, आणि ऐकणाऱ्याला ऐकायचं की ओलांडायचं ते ठरवता येतं.

नेहमीची चूक पोटयादीत होते. आतला 'यूएल' हा वरच्या 'एलआय' च्या आत, तो बंद व्हायच्या आधी यायला हवा. लोक 'एलआय' बंद करतात आणि पुढे दुसरा 'यूएल' उघडतात.

डावीकडची मोकळी जागा ब्राउझर स्वतः देतो, साधारण ४० पिक्सेल. मोबाइलवर ती जास्त वाटते, तेव्हा सीएसएसमध्ये (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) कमी करा. ठिपक्याचा रंग बदलायला सीएसएसमध्ये 'मार्कर' (::marker) हा सिलेक्टर आहे, म्हणजे नुसत्या ठिपक्याला रूप देता येतं, त्यासाठी चित्र लावायची गरज नाही. क्रमांक १, २, ३ असे देवनागरीत हवे असतील तर 'लिस्ट-स्टाइल-टाइप' ला 'देवनागरी' हेच मूल्य द्या. आकडे हाताने लिहू नका. आणि सजावटीसाठी 'लिस्ट-स्टाइल' ला 'नन' दिलंत तर सफारीत व्हॉइसओव्हर हा ॲपलचा स्क्रीन रीडर ती यादी म्हणून सांगेनासा होतो. तिथे 'यूएल' टॅगमध्ये 'रोल' म्हणून 'लिस्ट' लिहून द्या.

### मार्कडाउन

मार्कडाउन म्हणजे साध्या चिन्हांनी मजकुराची मांडणी सांगायची पद्धत. इथे यादीसाठी डॅश, तारा किंवा अधिकचं चिन्ह, आणि पुढे स्पेस. स्पेस विसरली तर यादी होत नाही. एका यादीत एकच चिन्ह ठेवा. कॉमनमार्क या मार्कडाउनच्या प्रमाण रूपाच्या नियमानुसार चिन्ह बदललं की नवी यादी सुरू होते. यादीआधी एक रिकामी ओळ सोडा. काही ठिकाणी ती नसली तरी चालतं, काही ठिकाणी सगळी यादी वरच्या परिच्छेदात विरघळते. पोटमुद्दा वरच्या मुद्द्याचा मजकूर जिथे सुरू होतो बरोबर त्याखाली आणा: डॅशखाली दोन स्पेस, '1.' सारख्या क्रमांकाखाली तीन.

### व्हॉट्सॲप आणि साधा ईमेल

व्हॉट्सॲपमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून याद्यांची सोय आहे. ओळीच्या सुरुवातीला डॅश किंवा तारा आणि स्पेस. क्रमांकासाठी आकडा, टिंब, स्पेस. साध्या मजकुराच्या ईमेलमध्ये यादी नावाचा प्रकारच नसतो, तिथे डॅश आणि स्पेस पुरे. मुद्दे मात्र एका ओळीत बसतील इतके लहान ठेवा, कारण दुसरी ओळ आत ढकलायला तिथे काहीच साधन नाही.

### जिथे ठिपका खरोखर टाइप करावा लागतो

स्प्रेडशीटचा एक खण, चित्राखालची ओळ, एखाद्या फॉर्ममधली चौकट. अशा जागी बटण नसतं, तेव्हा हा अपवाद. विंडोजवर ऑल्ट दाबून धरा आणि उजवीकडच्या अंकपट्टीवर ०१४९ टाइप करा. वरच्या ओळीतले अंक चालत नाहीत, आणि लॅपटॉपवर अंकपट्टी नसेल तर सरळ कुठून तरी कॉपी करा. वर्डमध्ये २०२२ टाइप करून ऑल्ट + एक्स. मॅकवर ऑप्शन + ८. मोबाइलवर इंग्रजी कीबोर्डच्या चिन्हांच्या दुसऱ्या पानावर बघा. एक्सेलच्या खणात पुढच्या ओळीवर जायला ऑल्ट + एंटर, नाहीतर खालच्या खणात पोहोचाल.

### पीडीएफ

वर्डमधून पीडीएफ करताना 'सेव्ह ॲज' किंवा 'एक्सपोर्ट' वापरा. प्रिंटच्या वाटेने केलेल्या पीडीएफमध्ये यादीची रचना उरत नाही, फक्त तिचं दिसणं उरतं.

## टप्पा ७: पाठवण्याआधी

सगळा मजकूर निवडा आणि फॉन्ट दोन पॉइंट वाढवा. कुठल्या ओळी घसरल्या ते बघा; घसरलेली प्रत्येक यादी हाताने केलेली आहे, ती तिसऱ्या टप्प्यापासून पुन्हा करा. मग कंट्रोल + झेड.

एका ठिपक्यावर क्लिक करा. यादीतले त्या पातळीचे सगळे ठिपके एकदम करडे झाले तर यादी खरी आहे. कर्सर नुसता ठिपक्याशेजारी लुकलुकला तर तो टाइप केलेला आहे.

यादी कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. चौकोन आणि भलती अक्षरं इथेच दिसू द्या, समोरच्याच्या पडद्यावर नको.

पानं चाळून यादीचा शेवटचा एकच मुद्दा पुढच्या पानावर गेलाय का, आणि ओळख-वाक्य मागच्या पानाच्या तळाशी एकटं राहिलंय का, तेही बघा. राहिलं असेल तर त्या वाक्यावर कर्सर ठेवून पॅराग्राफच्या चौकटीत 'लाइन अँड पेज ब्रेक्स' खालचं 'कीप विथ नेक्स्ट' लावा. एंटर मारून खाली ढकललेलं वाक्य पुढच्या दुरुस्तीत पुन्हा वर येतं, आणि मधल्या त्या चार रिकाम्या ओळी कोणाच्या हे मग कोणालाच आठवत नाही.